राखणीची दारू

"दिवा लाव गं," नवरा म्हणाला. सकाळ होती, दार उघडं होतं आणि ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडलं होतं.

मला वाटलं, कालची अजून उतरली नाही. मी म्हटलं, "डोळे उघडा, मग दिसेल." पण त्याचे डोळे उघडेच होते. मी तोंडापुढे हात हलवला. बांगड्या वाजल्या तशी मान वळली, बुबुळं हलली नाहीत. पहाटेपासून तो सगळं पांढरं पांढरं दिसतंय म्हणत होता आणि पोट धरून कण्हत होता. मी लिंबू पिळून पाणी दिलं होतं. दारूड्याच्या बायकोला एवढंच ठाऊक असतं, लिंबू आणि झोप.

"काळोख झालाय, दिवा लाव," तो परत म्हणाला. आता श्वास धावल्यासारखा चालला होता.

सासू स्टोव्हपाशी होती. तिने पुढ्यातला चहा तसाच टाकला, उठून त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि छातीवर हात मारला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून बाईचा ओरडा आला. मग खालच्या बाजूने आणखी एक. तेव्हा कळलं, हे एका घरचं नाही. काल राखणीला जे जे प्यायले, त्या सगळ्यांचं आहे.

राखण म्हणजे जागेच्या देवाचं देणं. आम्ही कोकणातले. गावी वर्षातून एकदा जागेच्या राखणदाराला कोंबडा आणि दारू देतात. जोगेश्वरीच्या डोंगरावर चाळ झाली, तिथली जागाही कुणाची तरी असणारच, म्हणून मागच्या कातळाला शेंदूर लावून आमची माणसं तिथे राखण देत. दारू आधी कातळावर ओतायची, मग उरलेली पुरुषांनी प्रसाद म्हणून संपवायची. ठेवायची नाही, सांडायची नाही.

त्या वर्षी सासूच्या मनात वेगळं होतं. तिला दोन मुलगे, माझा नवरा आणि माझा दीर, आणि दोघेही दारूत बुडालेले. लोक म्हणतात, गिरण्यांच्या संपाने माणसं दारूला लावली. आमच्या घरात दारू संपाच्या आधीपासून होती. संपाने फक्त पगार नेला. नवरा नंतर अंधेरीला एका कारखान्यावर बदली वॉचमन होता. प्यायला की मारायचा. एकदा मीही लाटण्याने त्याचं कपाळ फोडलं, त्याची खूण शेवटपर्यंत होती. दीर मालाडच्या बाजारात हमाली करायचा आणि आमच्या खोलीत जेवायचा. माझी पैंजणं त्यानेच विकली. विचारलं तर म्हणाला, "वैनी, तुझ्या पायाक तशी पण सैल होती." घरात सगळे हसले. मीही हसले.

तर सासूने देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याला गाठून सांगितलं, गाऱ्हाण्यात एक वाक्य जास्तीचं घाल. म्हाताऱ्याने घातलं. कोंबडा कापला, दारू ओतली आणि तो हात जोडून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, हे दोगे भाव आजपासून सोरो सोडतत. तेंच्या पाठी उभो ऱ्हव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ ओरडली.

दारू सोडायची म्हटल्यावर दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. पण देवासमोर नाही कोण म्हणणार? तेही बोलले, व्हय म्हाराजा. मागून कुणीतरी म्हणालं, "आता भट्टीवालीची वाट लागली!" आणि दीर म्हणाला, "आधी परसाद तरी संपवंदे. परसादाक सूट हा."

प्रसाद संपला की सुटली, असं ठरलं. शेवटची म्हणून दोघेही पोटभर प्यायले. रोजच्यापेक्षा जास्त. सासूने आपल्या हाताने वाढून दिली, मी सुकट भाजून दिली. आम्ही दोघी खूष होतो.

ती दारू चाळीतल्याच एका बाईने देवाचं म्हणून दिली होती. घरातून विकायची ती. स्वतः गाळायची आणि चांगली गाळायची, असं पिणारे सांगत. पण त्या आठवड्यात पोलिसांनी तिची भट्टी फोडली होती, म्हणून तिने कुठूनतरी कॅन मागवला. कुठून ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. बाई वाईट नव्हती. आमचा स्टोव्ह थंड होता तेव्हा तिने भात पाठवला होता.

संध्याकाळी नवरा घरात बसून राहिला. दोनदा उठून दारापर्यंत गेला, पण उंबरा ओलांडला नाही. दीर मात्र तासाभरातच चपला शोधायला लागला. सासू दारात आडवी उभी राहिली. "देवाक काय सांगशीत?"

"देव काय माझो मुकादम हा?" म्हणाला आणि तिच्या हाताखालून गेला. डोंगराखाली देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं, तिथे जाऊन बसला. रात्री आलाच नाही. सासू मोठ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. म्हणाली, "माझो एक तरी सुधारलो."

त्याच मुलाला आम्ही सकाळी चादरीत घालून डोंगराखाली उतरवलं. वाटेत ती दारूवाली उभी होती. ती माझ्या पायाशी वाकली. "कोळंबी बाधली म्हणून सांग गं. माझी पोरं आहेत." मी पाय सोडवून पुढे गेले. रिक्षात सासू म्हणाली, "तसाच सांगूया. पोलीस हेका पण धरतीत."

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं तेव्हा सासूने कोळंबीच सांगितली. मी म्हटलं, "दारू प्यायलाय. कुठली ते ठाऊक नाही. सगळी चाळ प्यायलीय, मागून येतायत." चांगलं वाईट असा विचार काही केला नाही. त्याचा श्वास ऐकत होते, म्हणून खरं बोलले.

डॉक्टर पोरसवदा होता, पण धांदरट नव्हता. म्हणाला, "दारूत विषारी स्पिरिट आहे. याच्यावर उतारा चांगल्या दारूचाच. शिरेतून द्यायची बाटली आणायला माणूस पाठवलाय, तोवर तोंडाने पाजायची." त्याने पाणी घातलेली दारू पेल्यात दिली. लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या हातातून पेले हिसकावून घेतले होते. आता त्याच्या ओठांना पेला लावला. वास आला तसं त्याने तोंड मिटलं.

"औषध आहे, घ्या," मी म्हटलं.

"दारू आहे. मला काय वास कळत नाही?"

"डॉक्टरने दिलीय."

"सोडलीय मी."

मी त्याची हनुवटी धरली. "इतकी वर्षं नको नको म्हटलं तेव्हा ढोसलीत. आज मी पाजतेय तर मिटून घेता? मरशील रे!" त्याला अरेतुरे मी त्या एकाच दिवशी केलं. तो दात आवळून पडला होता. दारू गालावरून उशीवर गेली. मी त्याच्या दातांत बोट घातलं तर चावला.

मग म्हणाला, "आये खंय हा? आये, पिऊ?"

सासू खाटेच्या पायथ्याशी उभी होती, त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. तिने मान हलवली. हो म्हणून हलवली, जोरजोरात हलवली. पण त्याला दिसत कुठे होतं?

"ती पी म्हणते," मी म्हटलं.

"तिका बोलांदे."

मी सासूचा दंड धरून तिला हलवलं. "बोला ना! आवाज द्या!" तिचं तोंड उघडं होतं, पण आतून काही निघेना. माझ्यावर खेकसताना चाळ गोळा करणारी बाई ती. डॉक्टरही म्हणाला, "आजी, बोला त्याच्याशी." तिच्या घशातून नुसता वारा आला. तो कान देऊन पडला होता, लहान पोर हाकेची वाट बघतं तसा. मग त्याला झटके यायला लागले आणि डॉक्टरने आम्हाला बाजूला केलं.

"पी रे झिला," ती म्हणाली तेव्हा चौघे त्याला धरून होते. त्याला काही ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. शिरेतली बाटली आली, लावली. ऊन उतरायच्या आत तो गेला.

दीर दुपारीच आला होता, झिंगलेला, बातमी ऐकून शोधत. डॉक्टरने त्याला उभ्या उभ्या धरला आणि शेजारच्या खाटेवर टाकला. नंतर आम्हाला सांगितलं, रात्रभर हा चांगली दारू प्यायला म्हणून विष अंगात भिनलं नाही, थांबून राहिलं. आम्ही दोघी ऐकत उभ्या होतो. कुणावर रागवायचं ते कळेना. मोठ्याचं प्रेत अजून ताब्यात मिळायचं होतं आणि धाकटा पाणी मागत होता. सासूने त्याला पाणी पाजलं.

दारूवालीला पोलिसांनी नेलं. ती सुटून आली ते पुन्हा विकायलाच बसली. दुसरं काय करणार? राखण मात्र पुढे कुणी दिली नाही.

सासू आणखी पुष्कळ वर्षं जगली. कुणी पाणी देऊ का विचारलं तरी आधी मान हलवायची, मग दचकून मोठ्याने "व्हय" म्हणायची. दिराची एका डोळ्याची नजर अधू झाली, दारू नाही सुटली. मी कारखान्यात पॅकिंगला लागले आणि त्या दोघांना जेवायला घातलं.

चाळीतली आणखीही माणसं गेली. आमच्या घरातला नवरा गेला. दीर वाचला.