बिरजूचे धर्म आणि गावचे आंबे

एटापल्लीच्या स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची लाल धूळ लोकांच्या मोबाइलमध्ये शिरते आणि माझं घर चालतं. बिरजू लेकामी माझ्याकडे कामाला आहे. वय तिशीच्या आत, हात सफाईदार, तोंड बंद. गडचिरोलीला कॉलेज केलं, भरतीच्या परीक्षा देऊन देऊन कंटाळला आणि माझ्याकडे आला. तो टिकला ते माझ्या स्वभावामुळे नाही. माझ्या स्वभावाने आधीचे सगळे पळवून लावले होते. तो टिकला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमुळे. गिऱ्हाईक नसलं की बिरजू त्यावर धर्म बनवतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही दचकलो होतो. मग त्याने समजावून सांगितलं. राज्य चालवायचा एक खेळ असतो: गावं वसवा, शेती करा, फौज काढा, शेजाऱ्याचा मुलूख गिळा. या खेळाच्या नादी लागलेले लोक जमून मूळ खेळाला आपलं नवं जग जोडतात. त्या जोडकामाला म्हणतात मॉड. बिरजूच्या टोळीत नकाशे काढणारा ब्राझीलचा, लढाया सांभाळणारी बंगळुरूची, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पोलंडचा एक गृहस्थ, ज्याला बिरजू 'मुख्य' म्हणायचा. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण शिस्त अशी की आमच्या तालुक्यातल्या एकाही ऑफिसात सापडणार नाही. धर्मखातं बिरजूकडे होतं.

त्या जगात देवाला कुणी उगाच हात जोडत नाही. समुद्रदेव मानला की जहाजं पळतात, अग्निदेव मानला की तलवारी लवकर तयार होतात. प्रत्येक धर्माला एक फायदा आणि एक बंदी हवीच. सुरुवातीला बिरजूने एक साधा धर्म केला होता: खरं बोला, कुणाला दुखवू नका, बस्स. फायदा काहीच नाही. तो एकाही खेळाडूने घेतला नाही. मला त्यात काही नवल वाटलं नाही.

बातमी गावात पसरली तशी गिऱ्हाइकं मोबाइल विसरून धर्माच्या मागण्या घेऊन यायला लागली. ग्रामसेवक म्हणाला, "बिरजू, असा एखांदा धर्म बनव ना गा, ज्याच्यात वरतून मीटिंगचा फोनच येत नाई." एका मास्तराने सुट्ट्या किती ते आधी विचारलं. एका पुढाऱ्याने नव्या धर्माचे लोक किती आणि ते कोणत्या वॉर्डात राहतात, एवढीच चौकशी केली. देव कोण, हे कुणीही विचारलं नाही.

आणि एवढे धर्म पाडणारा हा माणूस मुलगा कुणाचा? पत्रूभाऊ लेकामींचा. पत्रूभाऊ आत जंगलातल्या त्यांच्या गावचे गायता. गावचे देव, सण, पेरणीचा दिवस, सगळं गायता बघतो, आणि हे काम बापाकडून मुलाकडे येतं. तिकडे आंबा झाडाला लागला म्हणून कुणी तोडून खात नाही. गायता दिवस ठरवतो, त्या दिवशी आंब्याचं पंडुम होतं, म्हणजे सण. आधी देवाला आणि वाडवडिलांना आंबा देतात, मग गाव खातं. तोवर खाली पडलेला आंबासुद्धा कुणी उचलत नाही.

पत्रूभाऊ बाजाराच्या दिवशी दुकानात यायचे, बाकावर बसायचे, माझा चहा प्यायचे. घरी ते माडिया बोलतात. माझ्यासमोर आमच्या बोलीत बोलायचे, म्हणजे मलाही कळावं आणि बिरजूला लाज वाटावी.

"बिरजू, यंदा माया संगं फिर गा गावात. दिवस कसा ठरते ते पाहून घे."

"येतो ना बाबा. हा एक धर्म सपला का येतो."

असं तो दर वर्षी म्हणायचा, आणि दर वर्षी एक नवा धर्म निघायचाच. म्हातारा चहा संपवून उठायचा. मला राग यायचा, पण बोलायची सोय नव्हती, कारण बिरजू गावी गेला असता तर दुकान मलाच बघावं लागलं असतं.

मग मॉडमध्ये जंगलातल्या लोकांची पाळी आली. त्यांचा धर्म मुख्याने स्वतःच लिहून ठेवला होता: विद्या कमी, राग जास्त, शेकोटीभोवती नाच. ते वाचून बिरजूचं बंद तोंड उघडलं.

"आमी काय दिवसभर नाचतच रायतो का?"

"तू तं दिवसभर इथीच बसून रायतं," मी म्हणालो.

त्याने मुख्याचं लिखाण पुसलं आणि आपल्या गावचं पंडुम त्या जगात नेऊन ठेवलं. बंदी अशी, की गायताने दिवस ठरवल्याशिवाय रानातलं फळ खायचं नाही. फायदा असा, की त्या लोकांचं रान कधी संपणार नाही. टोळी खूश झाली. मुख्याने कळवलं, 'एकदम अस्सल.' बाहेरचा माणूस अस्सल कधी म्हणतो ते मला ठाऊक आहे; त्याला स्वतःला तसं राहायचं नसतं तेव्हा.

आठवडाभरात मॉड आधी खेळून तपासणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. एका खेळाडूने गायताला धनुष्य देऊन लढाईवर पाठवलं होतं. गायता पहिल्याच बाणाला मेला. आता दिवस ठरवणार कोण? सगळी प्रजा लगडलेल्या आंब्यांखाली हात बांधून उभी राहिली आणि उभ्या उभ्या उपाशी मेली. त्याचं चित्रही त्यांनी पाठवलं. मी पोट धरून हसलो. बिरजू नाही हसला. मुख्याने ठणकावलं, महिन्याभराने रविवारी मॉड जगासाठी खुला होणार, त्याआधी हे सुधार, नाहीतर शेकोटीवाला धर्म परत लावतो.

बिरजूने त्याच दुपारी एक बटण बसवलं. गायता नसला तर बटण दाबायचं, दिवस आपोआप ठरतो. प्रजा जगली. नुसती जगली नाही, फोफावली, कारण खेळाडूंनी गायता नेमणंच सोडून दिलं. खेळातल्या पहिल्याच महिन्यात बटण दाबायचं, सगळं रान खाऊन फौज वाढवायची आणि शेजाऱ्यावर तुटून पडायचं. न संपणारं रान निम्म्या खेळात संपायला लागलं, पण तोवर डाव जिंकून झालेला असायचा. तपासणीवाले म्हणाले, आजवरचा सगळ्यात भारी धर्म.

त्याच सुमारास पत्रूभाऊ शेताच्या बांधावरून घसरले. कंबरेचं हाड मोडलं. बिरजूची बहीण दीपाली त्यांना ऑपरेशनसाठी चंद्रपूरला घेऊन गेली, आणि आंबे त्यांची वाट न बघता पिकायला लागले. खेळात मेलेल्या गायताला मी हसलो होतो. आता हसू आलं नाही. खरं गाव लगडलेल्या झाडांखाली उभं होतं, आणि ज्याने काम शिकून घ्यायचं तो माझ्या दुकानात बसून परक्यांना पोटभर खाऊ घालत होता.

गावाने बिरजूला बोलावलं. मीही गेलो, कारण एक तर गाडी माझी होती, आणि दुसरं म्हणजे मला आंबा फार आवडतो. गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, सगळे जमले. बिरजूने गंभीर चेहरा करून सांगितलं, "मी ग्रुपवर सवाल टाकतो. ज्या दिवसाले जास्त मतं, तो दिवस."

मग त्याची माय, सोमारीबाई, म्हणाली, "बापाले फोन लाव."

बिरजूने चंद्रपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल उंच धरून आंब्याचं एकेक झाड दाखवू लागला. खाटेवरून पत्रूभाऊ ओरडले, "झाडं काऊन दाखवून राह्यला बे? झाडं मी जनमभर पाह्यली. घरं पाह्य. एकेका घरी जा अन् इचार, तुमचं घर तयार हाय का. सगळी हो म्हणतीन तवा दिवस."

"अन् एखांदं नाई म्हणलं तं?"

"तं थांब."

बिरजूला वाटलं, एका दुपारचं काम आहे. पहिल्या घराचा मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. तो आल्याशिवाय नाही. दुसऱ्या घरात मयत झालेली, त्यांचे विधी राहिलेले. दोन सख्खे भाऊ कुंपणावरून भांडलेले. एक म्हणाला, तो ज्या दिवशी तयार त्या दिवशी मी नाही. एका म्हातारीने, आधी माझ्या मोबाइलचा आवाज वाढवून दे, मग सांगते, असं बजावलं. बिरजूने आवाज वाढवून दिला. म्हातारी म्हणाली, आता विचार करते.

तो रोज सकाळी गावी जायचा आणि कुणालातरी राजी करून दुपारी उशिरा दुकानात यायचा. मिरचीवाल्या मुलाला निरोप धाडला. कुंपणासाठी दोन्ही भावांबरोबर स्वतः खांब रोवले. मयतीच्या घरी लाकडं वाहिली. इकडे पुण्याच्या एक संशोधक बाई मला सारखा फोन करायच्या: "सणाची तारीख सांगा ना, रिझर्व्हेशन करायचंय." पुढाऱ्याने तर 'भव्य आंबा महोत्सव' असा फलक छापून टाकला होता. त्यावर त्याचा फोटो होता, तारखेची जागा कोरी होती आणि आंबा कुठेच नव्हता.

या फिरण्यात बिरजूला आपलं चुकलं कुठे ते दिसलं. त्याने मुख्याला लिहिलं, बटण काढा. सगळी घरं तयार होतील तेव्हाच दिवस ठरू द्या, म्हणजे कुणी मागे राहत नाही आणि रानही उरतं. मुख्याने उत्तर दिलं, खेळाडूंना एवढा दम नसतो, बटण झकास आहे, हात लावू नकोस.

शनिवारी सगळी घरं हो म्हणाली. माणसं टोपल्या घेऊन गोटुलासमोर येऊन बसली. पोरं झाडांच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली. एकच घर विचारायचं राहिलं होतं, बिरजूचं स्वतःचं. तो अंगणात गेला, मी कुडाशी थांबलो.

"माय, आपलं घर तयार हाय ना?"

सोमारीबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "नाई."

"काऊन वो?"

"घरचा माणूस घरी नाई."

"बाबा फोनवर हाय ना."

"फोनवर आंबा खाते का तो?"

मला वाटलं, आता हा बटण दाबणार. बाहेर सगळं गाव टोपल्या घेऊन बसलेलं, एका बाईसाठी कोण थांबतं? मायने हो म्हटलं असं त्याने बाहेर येऊन सांगितलं असतं, तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला सांगू. तो बाहेर आला आणि खाली मान घालून म्हणाला, "आमचं घर तयार नाई. थांबा."

लोक उठले, टोपल्या उचलल्या, घरी गेले. कुरकुरलो तो मीच, गाडीवरून परत येताना, एटापल्लीपर्यंत. बिरजूने मागे बसून सगळं ऐकून घेतलं.

रविवारी मॉड खुला झाला. बिरजूचा धर्म सगळ्यांत जास्त लोकांनी घेतला. त्याने मुख्याला कळवलं, हा धर्म माझा नाही, माझं नाव काढा. मुख्याला तो विनय वाटला. त्याने बिरजूचं नाव आणखी मोठ्या अक्षरांत लावलं.

पत्रूभाऊ घरी आले तोवर वाऱ्याने निम्मे आंबे झोडपून टाकले होते. झाडांखाली सडका वास सुटला होता आणि माश्या घोंघावत होत्या. जीपमधून त्यांना खाटेसकट उतरवलं. हे सगळं आपल्यासाठी थांबलं होतं हे कळल्यावर म्हाताऱ्याने आधी बायकोला शिव्या दिल्या, मग तोंड फिरवून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पंडुम झालं. म्हाताऱ्याला उठता येत नव्हतं, म्हणून आंबा आणि सुरी बिरजूच्या हातात होती. पूर्वजांची नावं पत्रूभाऊ खाटेवरून सांगत होते आणि बिरजू मागून म्हणत होता, दोनदा चुकत, तीनदा अडखळत. पोलंडपासून ब्राझीलपर्यंतच्या लोकांचे देव घडवलेला माणूस आपल्या पणजोबाच्या नावाला अडला.

मग सगळे खायला बसले. पत्रूभाऊंनी आंबा चोखत विचारलं, "तुया त्या खेळातले लोक उपाशी मरून राह्यले होते म्हणे. जेवले का?"

"जेवले बाबा. सगळं रान खाऊन टाकलं."

"मंग पुढच्या साली काय खातीन?"

"पुढचं साल नाई रायत तिथी. जिंकलं का खेळ सपते."

म्हाताऱ्याने कोय नीट चोखून बाजूला ठेवली.

"उद्या सकाळी माया जवळ येऊन बस," ते म्हणाले. "आता पेरणीचा दिवस पाहा लागते."

दुसऱ्या दिवशी बिरजू दुकानात आला नाही. त्याने उघडून ठेवलेले मोबाइल टेबलावर तसेच पडले होते, कोपऱ्यातला कॉम्प्युटर बंद होता, आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या मी एकटाच खात बसलो होतो.