नेऊ नका, उतरवून घ्या

"नेऊ नका, उतरवून घ्या," असे म्हणत ते पाहुण्यासमोर पावसाची वही, दौत आणि चहा एकदमच ठेवत. अलिबागेत आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ रोज सकाळी अंगणातले पर्जन्यमापक पाहून आकडा लिहीत. कचेरीत महिन्याची बेरीज जाई. रोजचा पाऊस फक्त या वह्यांत. पुण्याचे संशोधक येत, नारळ-सुपारीचे वाडीवाले येत, पण वही उंबरा ओलांडत नसे. एकाने फारच गळ घातली, तेव्हा म्हणाले, "पाऊस गेला तर पुढच्या वर्षी येतो हो. वही गेली की येत नाही."

मुलांनो, अशा माणसाच्या वह्या घरातच भिजल्या. परतीच्या पावसात नेमकी कपाटावरची कौले सरकली.

सकाळी मासळी घेऊन जानकीबाय आली. तो ओला ढीग पाहून म्हणाली, "भाऊ, पावसाचा हिशोब पावसानंच धुतला व्हय? आना हिकडं, ऊन हाय तवर वालवू." बोंबील वाळवायच्या दोऱ्यांवर तिने पाने चढवली, बोंबलांसारखीच जोडी-जोडीने. मी कावळे हाकत बसले. पाने वाळली, पण कितीतरी पानांवर निळे डागच उरले.

शेजारी दोन दिवस कोणती पाने गेली ते मोजत बसले. मग ज्यांनी ज्यांनी उतरवून नेले होते, त्या सगळ्यांना त्यांनी पत्रे घातली : आमचा पाऊस परत पाठवा.

आणि तो आला! पुण्याहून, मुंबईहून, परक्या अक्षरांत. एका वाडीवाल्याने नारळांच्या हिशोबामागे खरडलेला जून पाठवला. एक वर्ष मात्र आले नाही. ते कधी कोणी मागितलेच नव्हते.

"मागायची वाट कशाला पाहिली मी, वहिनी?" एवढेच ते म्हणाले.

पुढे तेच वही काखेत मारून दारोदार फिरू लागले. त्यांना पाहताच जानकीबाय ओरडे, "आले बघा पाऊस वाटायला! भाऊ, आमाला बोंबील वालवायचे हायेत!" माझ्याकडूनही त्यांनी एक वर्ष उतरवून घेतले, आणि जवळ बसून आकडा न आकडा ताडून पाहिला.

आता ते नाहीत. त्यांच्या अंगणात दुसऱ्यांचे कपडे वाळतात. माझे ते वर्ष काल मी पुन्हा उतरवले. नक्कल सोबत पाठवते आहे. वाचलीत नाहीत तरी चालेल. दुसऱ्या छपराखाली असू द्या.