बाईंच्या मागची घरघर

काळमेघ बाई वाचायला बसण्याआधी रिकामी खोली रेकॉर्ड करायच्या. पंखा-कूलर बंद, दार लोटलेलं, माईक चालू, आणि आम्ही दोघी तोंड मिटून बसलेल्या. मग हेडफोन चढवून बाई ती शांतता डोळे मिटून ऐकायच्या, जणू समोर कुणी धडा म्हणतंय. "खोली तयार नाई अजून," असं म्हणाल्या की पुस्तक उघडायचं नाही.

बाईंनी पुलगावात आयुष्यभर भूगोल शिकवला. अंध विद्यार्थ्यांना ऐकायला पुस्तकं का मिळत नाहीत, असा जाब विचारणारं जळजळीत पत्रक मी लिहून वाटलं होतं. ते वाचून त्यांनी मला घरी बोलावलं. मी दाद घ्यायच्या तयारीत गेले. बाई म्हणाल्या, "भाषा झकास आहे. आता सांग, तुले लॅपटॉप चालवता येते का?"

रेखा त्यांची जुनी विद्यार्थिनी. आठवीनंतर तिची दृष्टी गेली. आता ती समुद्रपूरला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती, आणि बाई तिच्यासाठी भूगोलाचं जाडजूड पुस्तक वाचून काढत होत्या. माईक आवाजाच्या छोट्या मिक्सरला, मिक्सर यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला, अशी आमची जोडणी. बाई मला 'पत्रकवाली' म्हणायच्या. मी सरकारवर घसरले की म्हणायच्या, "बोलशील मंग. आधी बटन दाब."

पुस्तक निम्मं झालं आणि दोन गोष्टी एकदमच आल्या. बाईंच्या घशातल्या गाठीमुळे स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन दहा-बारा दिवसांवर होतं. आणि रेखाचा फोन आला. "बाई, तुमच्या मांगं कोनीतरी घरघर करून राह्यलं. दिवसभर कानात ऐकलं की डोकं दुखते." मग घाईघाईने म्हणाली, "पन चालते मले."

रिकामी खोली ऐकायची सवय तेव्हापासूनची. कुणी काही वाचत नसतानाही ती घरघर होती; एकसुरी, लांबून मोटारपंप चालू असावा तशी.

मी आधीच्या धड्यांवर कॉम्प्युटरमधला फिल्टर लावला. घरघर गेली, पण बाईंचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. ऐकून त्या म्हणाल्या, "हा माहा आवाज नोहे. जायच्या आधीच काऊन घालवून राह्यली?" मी फिल्टर काढला.

शेजारच्या मोरेश्वरने, जो वायरिंगची कामं करतो, एका वाक्यात निकाल दिला. "मॅडम, प्लगची जाडी पिन, आर्थिंगची, काढून टाका. आवाज गायब."

"आवाज गायब, अन् शॉक बसला तर मीही गायब," बाई म्हणाल्या. "चहा घे अन् घरी जा."

बाईंचा संशय आर्थिंगवर होता. मे महिना होता, जमीन भेगाळलेली. आमच्याकडे उन्हाळ्यात आर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालतात, तसं बाईंनीही घातलं, वर मीठही टाकलं. घराला असे खड्डे दोन होते. एक जुन्या घराचा अंगणात, दुसरा नंतर बांधलेल्या मागच्या खोलीचा, जिथे आम्ही बसायचो. दोन्हींना पोटभर पाणी पाजून बाई हेडफोन लावून बसल्या.

घरघर वाढली होती.

मी कपाळाला हात लावला. बाईंचा चेहरा मात्र उजळला. "वाढली ना? म्हंजे दुखनं तिथंच आहे."

मग मी लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग काढला. घरघर तिथल्या तिथे थांबली. पण बॅटरी मेलेली, पाच-सात मिनिटांत लॅपटॉपही थांबणार. बाई चार्जरची वायर धरून चालत निघाल्या. ती एक्स्टेन्शनमधून जुन्या घराच्या पुढच्या खोलीत गेली होती, कारण मागच्या बोर्डावर मिक्सर आणि कूलरने जागा अडवली होती. म्हणजे लॅपटॉप एका आर्थिंगवर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि दोघांना जोडणारी यूएसबीची वायर.

"दोन विहिरी," बाई म्हणाल्या. "पानी एका पातळीवर नाई, अन् आपन मधून पाईप टाकला. वाहील नाई तं काय करील?" पाण्याच्या जागी वीज, एवढाच फरक. खड्डे ओले करून आम्ही तिची वाट आणखी सोपी केली होती.

कूलरचा प्लग काढला, चार्जर मिक्सरच्याच बोर्डावर लावला. बाईंनी रिकामी खोली ऐकली आणि मान हलवली.

आता प्रश्न झालेल्या धड्यांचा. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "बाई, पुढचेच वाचा. रेखा म्हणाली ना, चालते."

"चालते, हे तिनं म्हनावं. मी काऊन म्हनू? फुकट देतो म्हून घरघर द्यावी काय?"

मला पत्रकात हेच म्हणायचं होतं. चार पानांत जमलं नव्हतं.

त्यानंतर बाईंनी बोलणं बंद केलं. भाजीवालीशी खुणा, बहिणीच्या फोनवर नुसता हुंकार. शिल्लक होता तो सगळा आवाज माईकसाठी. कूलरशिवाय त्या खोलीत घाम पुसत त्यांनी पुस्तक पहिल्यापासून वाचलं. शेवटच्या धड्यांत आवाज फाटला होता. ते मी तसेच ठेवले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुस्तक संपलं.

परीक्षा झाल्यावर रेखा एसटीने पुलगावला आली. मी धास्तावले होते. एकीला बोलता येत नाही, दुसरीला दिसत नाही. बाई पाटीवर लिहितील, मी वाचून दाखवीन, असं ठरवून मी दोघींच्या मध्ये खुर्ची ओढली. बाईंनी मला हाताने बाजूला सारलं, रेखाचा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने लिहायला लागल्या. आठवीपर्यंत गिरवलेली अक्षरं तिच्या हातात होतीच.

रेखा हसली. "पेपर कसा गेला, इचारून राह्यल्या."

"सांग ना मग," मी म्हटलं.

"बरा गेला, बाई."

बोट पुन्हा फिरलं.

"नद्यांचा प्रश्न आलता काय, म्हनतात." रेखाने मान वर केली. "आलता ना. लेखनिकाले उत्तर सांगतानी कानात तुमीच बोलत होत्या."

बाईंनी तिची मूठ मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून बसल्या.