देवीपुढची हजेरी

दिवेलागणीला भोयरकाकू देवीपुढे हजेरी घ्यायच्या. समई लावली, उदबत्ती फिरवली, की पदर कमरेला खोचून कोराडीच्या जगदंबेच्या तसबिरीसमोर ताठ उभ्या राहायच्या आणि खड्या आवाजात सुरू करायच्या, "शिपाई रामकृष्ण ठवकर. हवालदार नामदेव लांजेवार. ड्रायव्हर शेख युसुफ." गिट्टीखदानातल्या आमच्या गल्लीतले जेवढे पुरुष फौजेत होते, तेवढ्यांची नावं हुद्द्यासकट. प्रत्येक नावानंतर त्याची बायको मागून म्हणायची, "हाये." मग पुढचं नाव.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा पहिल्या संध्याकाळी मला हसू आवरेना. मी वर्ध्याची, शाळेत शिकवणारी. हजेरी मुलांची घ्यायची असते एवढंच मला माहीत. काकूंनी पाठीमागे न बघताच ते हेरलं. हजेरी संपल्यावर म्हणाल्या, "हसून घे वं पोरी. तुह्या नवऱ्याची सुट्टी संपली का त्याचं नाव बी याच्यातच येते." पंधरवड्यात ते आलंच. नायक मधुकर खोडे.

नावं काकूंनी घ्यायची, यालाही कारण होतं. आमच्या वेळी बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत. उखाण्यात घ्यायचं, तेही लाजत. मग देवीला सांगायचं तरी कसं, की कोणाकडे लक्ष ठेव? म्हणून सगळ्यांच्या वतीनं काकू. अडचण एकच, सुभेदार भोयरांचं नाव काकूसुद्धा घेत नसत. ते काम माझ्याकडे आलं. "तू मास्तरीण हायेस, तुह्या जिभेले वळण हाये," म्हणाल्या. मी "सुभेदार शंकरराव भोयर" म्हटलं, की गल्लीला धाकात ठेवणारी ही धिप्पाड बाई नव्या नवरीसारखी खाली बघून हळूच म्हणायची, "हाये." जुबेदा, म्हणजे शेख युसुफची बायको, तेवढ्यासाठी रोज दाराशी वाकून बघायची आणि पदराआड खुदखुदायची.

हजेरीला नियम होता. काही मागायचं नाही. एकदा लांजेवारची बायको नाव ऐकताच हात जोडून म्हणाली, "माय, त्याईले सुखरूप आण." काकूंनी हजेरी तिथंच थांबवली.

"काहून मागून राह्यली? तू आपला माणूस मागशीन, ही आपला मागन. सारे एकाच मोर्च्यावर असले तर देवीनं कोणाले वाचवावं न् कोणाले नाही? तिले भांडणात काहून पाडता? आपण फक्त सांगाचं, का हा आमचा माणूस हाये, याले ओळखून ठेव."

लांजेवारीण रागावून दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी तिच्या ओट्यावर तुरीच्या डाळीनं भरलेलं सूप नेऊन ठेवलं आणि "निवडून दे, माह्या डोयाले दिसत नाही" म्हणाल्या. काकूंच्या डोळ्यांना सुईत दोरा ओवताना कधी चष्मा लागला नव्हता. पण त्यांची समजूत घालायची तीच रीत होती. कोणाची सुट्टी रद्द झाली, कोणाचं पत्र थांबलं, की काकू तिच्या हातात काहीतरी काम देत. "रडाचं हाये? रड. पन हाताले काम देऊन रड." गोड बोलणं त्यांना जमत नसे. जुबेदाचं पोट दुखायला लागलं तेव्हा तिला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेताना त्या वाटभर तिच्यावर ओरडत होत्या, आणि तिचा हात मात्र त्यांनी मूल होईपर्यंत सोडला नाही. नर्स बाहेर जा म्हणाली, तर "तिचा नवरा सरहद्दीवर हाये, इथं मीच तिचा नवरा," असं ठणकावून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, समई परातीच्या आडोशाला गेली, पण हजेरी चुकली नाही. मी शाळेतून आले की आम्ही सगळ्याजणी काकूंच्या रेडिओपाशी. लढाई संपली, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मीही वाटले. त्यानंतर माझ्या नावानं तार आली. नायक मधुकर खोडे बेपत्ता.

त्या दिवशी घरात बायकांची रीघ लागली. येतील, नक्की येतील, पलीकडे कैदेत असतील, असं प्रत्येकजण सांगत होती. काकू आल्या, माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दिवेलागणीला मात्र उठल्या. "चाल, हजेरीची वेळ झाली."

सगळ्यांना वाटलं, आज हे नाव त्या गाळतील. मलाही वाटलं. जुबेदानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. काकूंचा आवाज नेहमीसारखाच होता. "नायक मधुकर खोडे." काकू पुढच्या नावाकडे जाईनात. पाठमोऱ्या तशाच उभ्या राहिल्या. मग पुन्हा तेवढ्याच जोरात, "नायक मधुकर खोडे." मी कसंबसं म्हटलं, "हाये." तेव्हा कुठे त्या पुढे सरकल्या.

कैदी परत आले, त्यात हे नव्हते. काही वर्षांनी सरकारनं कागदावर त्यांना मृत ठरवलं. मी कुंकू पुसलं नाही. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू, त्यांनीही ते पुसायला सांगितलं नाही. बाकीच्यांना माझं काय करावं ते कळत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी बोलवायचं, कोणी विसरल्यासारखं करायचं. एका घरी करंडा माझ्यापर्यंत येऊन थबकला, तेव्हा काकूंनी तो काढून घेतला आणि माझ्या कपाळावर असं बोट दाबलं, की दुसऱ्या दिवशीही कपाळ दुखत होतं.

गल्ली बदलत गेली. ठवकर बदलीच्या गावी गेले, नवी बिऱ्हाडं आली, नवी नावं आली. सुभेदार निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांचं नाव हजेरीतून गेलं. ते बिचारे ओट्यावरून विचारायचे, "काहून वं, मी गैरहाजर का?" माझं नाव मात्र, म्हणजे ह्यांचं, रोज घेतलं जायचं आणि मी रोज "हाये" म्हणायची. त्या एका शब्दावर मी शाळेत जात होते, जेवत होते, वेणी घालत होते.

बारा वर्षं झाली आणि काटोलजवळच्या गावाहून मामाजी आले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, अशी आमच्याकडे रीत आहे. मामाजी फार थकले होते. मला स्पष्ट बोलायची त्यांना हिंमत होईना, म्हणून ते काकूंकडे गेले. मी त्यांच्याच आतल्या खोलीत होते.

"सुभेदारीणबाई, तुम्ही सांगा तिले. तुमचं आयकते ते. माह्यानं आता जास्त दिवस निघत नाही. पोराले आग कोण देईन माह्यामागं? असाच भटकून राह्यला असन तो कुठी."

"मी हजेरी घेते, भाऊ. फैसला नाही करत."

"मंग रोज त्याचं नाव काहून घेता? तुम्ही नाव घेता म्हणून ते वाट पाहून राह्यली."

मामाजी गेल्यावर काकूंनी मला हाक मारली. त्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. म्हणाल्या, "म्हातारा खोटं नाही बोलला. आज त्याचं नाव मी नाही घेत. तू घे. तुह्या तोंडानं. घेऊन पाह्य, मंग काय कराचं थे तूच सांग. तू म्हणशीन तर मी मरेपर्यंत घेते."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी उच्चारलं नव्हतं. संध्याकाळी काकू बाजूला सरल्या आणि मी तसबिरीसमोर उभी राहिले. मागे बायका होत्या, दाराबाहेर मामाजी टोपी हातात घेऊन उभे होते. मी म्हणाले, "मधुकर." नुसतंच. हुद्दा सुचलाच नाही. माणूस जवळपास असेल तर त्याचं नाव घेताना आवाज त्याच्याकडे वळतो. माझा आवाज कुठेच वळला नाही. बारा वर्षं जे मी कोणालाही बोलू दिलं नव्हतं, ते मला माझ्याच आवाजातून कळलं. मी वळले आणि मामाजींना म्हणाले, "तुम्ही म्हणता ते करू."

मामाजींनी मुलाला अग्नी दिला. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. मी घरी बसले होते आणि काकू माझ्याजवळ होत्या. त्यांनी माझ्यापुढे सुपात तांदूळ ओतले. मी निवडत राहिले आणि बारा वर्षांचं रडून घेतलं. त्यांनी मला एकदाही गप्प हो म्हटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. त्या त्यातून उठल्या नाहीत. शेवटी शेवटी मी शाळा सुटली की त्यांच्याजवळ जाऊन बसायची. एका संध्याकाळी समई लावून मी त्यांच्या उशाशी आले आणि वर्षभर मनात ठेवलेलं विचारलं.

"काकू, खरं सांगा. इतकी वर्षं तुम्हाला वाटत होतं, ते आहेत म्हणून?"

"नाही वं. तार आली त्याच दिवशी मले समजलं होतं, पोरगा गेला."

मला धक्काच बसला. रागही आला. "मग रोज देवीपुढे त्यांचं नाव कसं घेत होता?"

काकूंनी माझा हात चाचपून धरला. पकड तीच होती, दवाखान्यात जुबेदाला धरलं होतं तशी.

"नाव त्याचं घेत होती. पन 'हाये' कोण म्हणत होतं? तूच ना? मी थेच आयकत होती. तू हायेस का नाही, थे."