वर्ध्यातून ऐकलेला ब्रह्मदेश

तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा त्याच्या केसांत कापूस अडकलेला होता. हिवाळ्याचे दिवस होते. गावोगावच्या बैलगाड्या जिनिंगच्या कारखान्यांकडे निघायच्या आणि त्यांच्यातून सुटलेला कापूस वर्ध्याच्या रस्त्यांवर दिवसभर तरंगत राहायचा. संध्याकाळ होत आली होती. सायकल भिंतीला टेकवून तो आत आला, टॉवेलात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवला आणि जपून जुळवलेल्या हिंदीत म्हणाला, “भैया, यह बोलता नहीं.”

मी मूळचा जवळच्या आंजी गावचा. नागपूरला रेडिओदुरुस्ती शिकलो आणि वर्ध्याच्या बाजारात दुकान टाकलं. मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लोक टीव्हीकडे वळले होते, तरी रेडिओ अजून दुरुस्तीला यायचे. त्याच्या चेहऱ्यावरून मला तो नेपाळचा वाटला. मी तसं विचारलं, तर त्याने मान हलवली. “बर्मा,” तो म्हणाला. गावाबाहेरच्या एका संस्थेत तो शेतीचं काही शिकायला राहिला होता.

रेडिओत फार बिघाड नव्हता. डायलची दोरी तुटली होती, एक सांधा सुटला होता. दोरी ओवून मी शॉर्टवेव्ह लावली आणि काटा फिरवू लागलो. खरखर, शिट्ट्या, कुठलंसं अरबी गाणं, पुन्हा खरखर, आणि मधेच एका बाईचा आवाज. त्याने माझं मनगट धरलं.

“रुको.”

मी थांबलो. बाई बोलत होती. तशी भाषा मी आधी ऐकली नव्हती. शब्द छोटे, आणि प्रत्येक शब्द शेवटी किंचित वर जाऊन विरणारा. तो डोळे मिटून उभा होता. समोरच्या रस्त्यावरून ऑटो जात होते, शेजारच्या किराणा दुकानात कुणी साखर मागत होतं, आणि त्या सगळ्यातून ती बाई लांबून, पाण्याखालून बोलल्यासारखी बोलत होती. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, “काय म्हणाली?”

“रंगून में चावल महँगा हुआ,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचे डोळे भरून आले होते.

तो राहत होता तिथे स्टेशन नीट लागत नसे. म्हणून मी दुकानाच्या छपरावरून समोरच्या कडुलिंबापर्यंत तांब्याची तार ओढली आणि त्याला म्हटलं, रोज इथेच ऐकत जा. तो रोज यायचा. कधी लंडनहून, कधी दिल्लीहून त्याच्या भाषेत बातम्या लागायच्या. मला एक शब्द कळायचा नाही, पण हातातलं काम ठेवून मीही ऐकायचो. तेवढा वेळ आपण कुठे बसलो आहोत हे मला नीटसं सांगता आलं नसतं. दिवे लागायचे, विझायचे, गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं, आणि मी भलत्याच देशाच्या संध्याकाळीत असायचो.

माझी बायको चहा आणायची. पुढे पुढे ती त्याला जेवायलाच वाढू लागली. आमचं बोलणं ऐकून त्याने वऱ्हाडी उचलली होती. हिंदीपेक्षा ती त्याच्या तोंडात लवकर बसली.

एकदा तिने विचारलं, “भाऊजी, घरी कोन कोन आहे?”

“आई आहे, वहिनी. एकलीच आहे.”

“मंग तिले सोडून काऊन आले?”

त्या दिवशी त्याने सगळं सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली तो रंगूनच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होता. देशावर अनेक वर्षं सेनापतीचं राज्य होतं. त्याविरुद्ध आधी विद्यार्थी रस्त्यावर आले, मग गोदीतले कामगार आले, दवाखान्यांतल्या नर्सेस आल्या, भिक्षू आले. “इतके लोक की रस्ता दिसे नाई,” तो म्हणाला. त्याची आई दारात माठ मांडून लोकांना पाणी देत होती. मग गोळ्या सुटल्या. त्याच्या बाजूने चालणारा मित्र खाली बसला, आणि ह्याला वाटलं चपलेचा पट्टा तुटला असेल. वाकून बघितलं तेव्हा कळलं.

“आन् कोनीच नाई आलं मदतीले?” बायकोने विचारलं.

“सगळे म्हणत होते, जहाजं येतीन. एका मोठ्या देशाची लढाईची जहाजं समुद्रात उभी आहेत म्हणे. आमी पोरं नदीच्या काठी जाऊन पाहत बसलो. दोन दिवस.”

“मंग आली?”

“नाई, वहिनी.”

नंतर तो जंगलातून कित्येक आठवडे चालत आपल्या सरहद्दीला पोचला. इकडच्या शिपायांनी त्यांना भात दिला, शिबिरात ठेवून घेतलं. त्या काळात दिल्लीचं बर्मी प्रसारण त्यांच्या सेनापतीला उघड बोल लावायचं. शिबिरातली पोरं रेडिओभोवती कोंडाळं करून बसायची आणि प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवायची. “तेव्हा मले वाटलं,” तो म्हणाला, “हा देश आपला आहे.”

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पण त्यानंतर किती तरी दिवस मला ती जहाजं दिसत राहिली. दुपारी दुकानात डोळा लागला की ती आमच्या इथल्या धाम नदीच्या पात्रातून, गुडघाभर पाण्यातून, आवाज न करता येत आहेत असं वाटायचं. काठावर बायका कपडे धूत असायच्या आणि कुणीच वर बघत नसे. जाग आली की सोल्डरिंगचा वास यायचा.

अशी दोनेक वर्षं गेली. मग एके दिवशी दिल्लीचं प्रसारण ऐकताना त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“काय झालं?”

“बाई तेच आहे. बोलनं बदललं.”

“म्हणजे?”

“आता ती सेनापतीले साहेब म्हणून राह्यली.”

वर्तमानपत्रात काही यायच्या आधी त्याला ते रेडिओवरून कळलं होतं. पुढे बातम्याही आल्या. आपली माणसं तिकडे बोलणी करायला गेली, हस्तांदोलनं झाली, सरहद्दीवर व्यापाराचं दार उघडलं. त्या सेनापतींचं दुसऱ्या मोठ्या शेजाऱ्याशी जास्त जमायला नको, म्हणून आपणही जमवून घ्यायचं, असा काही तरी हिशेब होता. मी ते वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं.

शेजारचे शेटजी किराण्याचे मोठे दुकानदार. त्यांच्या आजोबांच्या काळापासून वर्ध्यात. त्यांच्या दारात एका सकाळी उडदाची नवी पोती उतरली. तो सायकलवरून येत होता. पोत्यांवरची अक्षरं बघून त्याने ब्रेक लावला. एक पोतं उघडं होतं. त्याने त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच उभा राहिला. मग मूठभर उडीद काढून त्याने नाकाजवळ धरले.

“बर्मावाले भैया, क्या हुआ?” शेटजींनी विचारलं.

“हे आमच्याकडचे आहेत.”

“हाँ, बर्मा का माल है. अब आएगा. भाव भी ठीक है.”

“हे पिकवणाऱ्याकडून शिपाई घेऊन जातात, शेटजी. कमी भावात. नाई म्हटलं तर मारतात. मी पाह्यलं आहे.”

शेटजी गल्ल्यावरून उठून बाहेर आले. माणूस तापट होता, मला वाटलं आता भांडण होणार. “भैया,” ते म्हणाले, “जो आता है, मैं बेचता हूँ. मैं नहीं बेचूँगा तो सामनेवाला बेचेगा.”

“तुमाले नाई म्हणत मी.” त्याने उडीद परत पोत्यात सोडले. मग माझ्याकडे वळला. “पण भाऊ, मले सांगा. ज्यायनं आमाले भात देल्ला, ते आता त्यायच्यासंग हात मिळवून राह्यले. काऊन?”

मी म्हणालो, “सरकारचं मोठं असते. आपल्याले समजत नाई.” हे बोललो आणि मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी तो रेडिओ ऐकायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तो आला, आणि त्याच्याकडे एक कागद होता. दिल्लीला पाठवायचं निवेदन, त्याच्या मोडक्या इंग्रजीत. इथल्या लोकांना वाचता यावं म्हणून मी ते मराठीत लिहून काढलं. माझं अक्षर बरं आहे. आमच्या शेजारच्या देशात लोक स्वतःचं राज्य मागत आहेत, त्यांना मारणाऱ्यांना आपण मित्र म्हणू नये, एवढंच त्यात होतं. मी खाली सही केली, बायकोने केली. तो सायकलवर आणि मी मागे बसून, असे आम्ही कापूसबाजारात गेलो. सेलूचा बाजार होता त्या दिवशी एसटीने तिकडेही गेलो.

“बर्मा कुठीसा आला?” लोक विचारायचे.

तो जमिनीवर काडीने नकाशा काढायचा. हे वर्धा, हा कलकत्ता, हे आमचं घर. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “इंग्रजाच्या वेळी आमच्या इकडचेबी जेलात गेलते. घे बापू माहा अंगठा.” नकाशावर पाय पडू नये म्हणून लोक वळसा घालून जात होते. ते बघून मला उगीचच बरं वाटलं.

परत आलो तेव्हा शेटजी दारातच उभे होते. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि सही करून दुकानाचा शिक्काही मारला. म्हणाले, “उडद बेचता हूँ इसलिए सही नहीं कर सकता, ऐसा थोड़ी है.” आत उडदाची पोती तशीच रचलेली होती.

निवेदन रजिस्टर पोस्टाने गेलं. उत्तर आलं नाही. चार-पाच महिने पोस्टमन दिसला की आम्ही तिघेही त्याच्याकडे बघायचो.

पुढे एका थंड देशाने त्याच्यासारख्या काही जणांना राहायला जागा द्यायचं कबूल केलं. त्याने जायचं ठरवलं. स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघं गेलो. बायकोने शेवचिवडा आणि तिळाच्या वड्या बांधून दिल्या होत्या. गाडी हलली तेव्हा ती खिडकीबरोबर चालत म्हणाली, “आईले कागद लिहत जाजो. आन् येजो परत.”

“येतो, वहिनी,” तो म्हणाला. तो आला नाही. तिकडे त्याने बस चालवायची नोकरी धरली, लग्न केलं, मुलगी झाली. वर्षाकाठी एक पत्र यायचं, रोमन अक्षरांत लिहिलेलं वऱ्हाडी. मोठ्याने वाचलं तरच कळायचं.

रेडिओ संपले. मी मोबाइल विकू लागलो, दुरुस्त करू लागलो. तो गेल्यापासून बारा-तेरा वर्षं कशी गेली कळलं नाही. मग दोन हजार सातच्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी, भारनियमनानंतर नुकतीच वीज आली होती, आणि दुकानातल्या टीव्हीवर मला ते दिसले. तांबूस वस्त्रं नेसलेले भिक्षू, अनवाणी, पावसात चालले होते. इतके, की रस्ता दिसत नव्हता. दोन्ही बाजूंनी साध्या कपड्यातल्या माणसांनी हातात हात धरून त्यांच्याभोवती साखळी केली होती. टीव्हीचा आवाज मी बंदच ठेवला. गिऱ्हाइकं येऊन बघत उभी राहिली. ते चालतच होते, पाण्यातून, पाय न वाजवता.

चार दिवसांनी फोन आला.

“भाऊ, पाहून राह्यले ना?”

“पाहून राह्यलो,” मी म्हणालो.

“आई पुन्हा दारात माठ घेऊन बसली आहे. शेजारच्यानं कळवलं. सत्तरच्या वर आहे, भाऊ.” तो लहान मुलासारखा हसत होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच गोळ्या सुटल्या. मठांवर धाडी पडल्या, फोन बंद झाले. टीव्हीवर तीच ती जुनी दृश्यं दाखवू लागले. मोठ्या देशांनी निषेध केला, काहींनी निर्बंध घातले. आपल्याकडून संयमाचं आवाहन झालं, आणि त्याच दिवसांत आपला एक मंत्री नैसर्गिक वायूच्या करारासाठी तिकडे जाऊन आला होता. शेटजी आता थकले होते, गल्ल्यावर मुलगा बसायचा. ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, “माताजी का कुछ पता चला?” मी नाही म्हणायचो. ते तसेच बसून राहायचे.

दिवाळी उलटून गेल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. आई सुखरूप होती. शेजाऱ्यांनी तिला आधीच गावाकडे हलवलं होतं. कुणाच्या तरी फोनवरून तिचं आणि त्याचं बोलणं झालं, एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा. सेनापती खुर्चीवर होते ते तिथेच राहिले, आणि त्याला घरी जाता येणार नव्हतं. हे त्याने साध्या आवाजात सांगितलं.

“काय बोलली आई?” बायकोने माझ्या हातातून फोन घेऊन विचारलं.

“वहिनी, मी तिले जुन्या पत्रांत लिहिलं होतं, वर्धा रोज जेवू घालते, वर्धा आईसारखी आहे. तिले वाटते, वर्धा म्हणजे कोनी बाई आहे. तिनं विचारलं, ती बाई कशी आहे आता?”

बायको हसू लागली, मग पदराने डोळे पुसले.

“मंग सांगा त्यायले,” ती म्हणाली, “वर्धा बरी आहे म्हना. गुडघे दुखतात जरा.”