रिकाम्या जागांचा चहा

विष्णुपुरीच्या अलीकडे आमचं पार्सलचं गोडाऊन आहे. तिथं मावशी माझ्या शेजारी उभी राहून किनवटकडची खोकी वेगळी करते. खोक्यांच्या सरकत्या पट्ट्यावर आठ माणसं लागतात, आम्ही पाच आहोत. मावशीचे हात थांबत नाहीत आणि तोंडही. कुणी खोकं आदळलं, की म्हणते, "आस्ते टाक की. कुनाच्या तरी लेकराचं असंल."

चहा आला की ती आठ कप भरते. तीन कप रिकाम्या जागांसमोर नेऊन ठेवते आणि गार झाले की स्वतःच पिऊन टाकते. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही.

परवा हैदराबादहून मोठे साहेब आले. "हे कप कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून तुमी मानसं पाठवतो म्हनायलात ना सायेब, त्यांचे."

साहेब कसनुसं हसले आणि विषय मिटावा म्हणून त्यातलाच एक कप उचलून प्यायले. मावशीनं तो संपू दिला. मग आपले जादाचे हातमोजे त्यांच्यापुढं धरले.

"चहा पिलात न्हवं, मग उबं ऱ्हावा आता."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मावशीकडं पाहिलं आणि हातमोजे चढवले. पहिलंच खोकं त्यांच्या हातून धाडकन पडलं.

"आस्ते," मावशी म्हणाली.