दादाला नाही म्हणायला शिकवताना

तपासणीचं पत्र आलं त्या आठवड्यात उस्मानपुऱ्यात नळाला पाणीच आलं नव्हतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. दुष्काळ ओळीनं पडत होते, शहर मात्र फुगत चाललं होतं, आणि त्याचं नाव तेव्हा अजून बदललं नव्हतं. एका बंद पडलेल्या दवाखान्याचा तळमजला भाड्यानं घेऊन मी मोठ्या वयाच्या मतिमंद माणसांसाठी दिवसाचं केंद्र चालवत होते. वय वाढलं की शाळा त्यांना घरी पाठवते, आणि घरी बघायला कुणी नसतं. माझा थोरला भाऊ तसाच होता आणि खिडकीत बसून त्याचा जन्म गेला. त्याचा राग माझ्या डोक्यातून कधी उतरला नाही. केंद्र त्या रागावरच चालायचं म्हणा ना. पण रागावर नोंदणी मिळत नाही, आणि आता नोंदणी नसलेलं केंद्र बंद करा असा हुकूम निघाला होता. नोंदणीआधी तपासणी.

मागण्यांना अंत नव्हता. दाराशी बेताच्या चढाचा रॅम्प, भिंतीला धरायला दांड्या, आग विझवायचं नळकांडं, कर्मचाऱ्यांचे पोलिसांकडचे दाखले, आणि संडासात कायम वाहतं पाणी. हे शेवटचं वाचून मी एकटीच हसले. गवंड्यानं रॅम्प असा उभा बांधला, की त्यावरून चाकाची खुर्ची चढवायला पैलवानच लागला असता. तो फोडून पुन्हा बांधून घेतला. टँकरवाल्याशी भांडून गच्चीवरची टाकी भरली. माझ्या नाकी नऊ आले, पण सगळं झालं. तपासणीला येणारा माणूस आमच्या लोकांशीही बोलणार, आणि तेव्हा आम्ही मध्ये तोंड घालायचं नाही, असंही त्या पत्रात होतं. त्याची मला काळजी वाटली नाही. आमच्याकडे दादा होता.

दादा तिशीचा होता, सगळ्यांत थोरला, म्हणून सगळे त्याला दादा म्हणायचे. पिशोरकडच्या मेंढ्या राखणाऱ्या घरातला. चारापाणी संपल्यावर कळप गेला, आणि बाप आधीच वारलेला, म्हणून मावशी, म्हणजे त्याची आई, त्याला घेऊन शहरात आली. बीड बायपासला इमारती उठत होत्या, तिथं ती नव्या भिंतींवर पाणी मारायचं काम करायची. दिवसभर भिंतींना पाणी पाजायची आणि घरी जाताना रिकामी कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची. सकाळी दादाला माझ्याकडे सोडायची, तो काखेतली काळी घोंगडी मागच्या दाराशी अंथरून बसायचा. घोंगडीला मेंढ्यांचा वास यायचा. काहीही सांगा, तो व्हय म्हणायचा. असा गुणी माणूस दाखवायला मिळाला तर आणखी काय हवं, असं मला वाटायचं.

तपासणीचे साहेब पन्नाशीचे, वाळलेले, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आलेले. चहा नको म्हणाले. रॅम्पचा चढ टेपनं मोजला, दांड्या हलवून बघितल्या, संडासातला नळ सोडून पाणी बराच वेळ वाहू दिलं. टाकी किती भरलीय ते मलाच ठाऊक. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि दादासमोर बसले. त्या दिवशी मावशी खाडा करून आली होती. आम्ही दोघी दारात उभ्या.

जेवायला देतात का, त्यांनी विचारलं. व्हय. खेळायला मिळतं का? व्हय. मी मावशीकडे बघून हसले.

"इथं कुणी मारतं का?"

"व्हय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी मान वर केली नाही. आवाज तसाच ठेवून विचारलं, कोंडून ठेवतात का. दादा त्याच आनंदी चेहऱ्यानं व्हय म्हणाला. मी पाऊल पुढे टाकलं तसा साहेबांनी हात वर केला. कायदा माझ्याही डोक्यात होता, म्हणून मी पाऊल मागे घेतलं. पण मावशीला कुठला कायदा? ती सरळ आत गेली आणि साहेबांच्या पायाशी बसली.

"म्याच शिकिवलंय त्याला, सायेब," ती म्हणाली. "सायबानं काय बी इचारलं तर व्हय म्हनायचं."

मग तिनं सगळं सांगितलं. लहानपणी दादाला एकच शब्द यायचा, नाय. अपंगत्वाचा दाखला काढायला ती त्याला खांद्यावर घेऊन गेली, तर टेबलामागच्या माणसानं विचारलं, ही तुझी आई का रे? पोरगं म्हणालं, नाय. त्या माणसानं दोघांना हाकलून दिलं, पोर पळवून आणलंस का म्हणून दरडावलंही. त्या दिवसापासून तिनं मेंढ्यांमागं चालता चालता गूळ-शेंगदाणे देऊन त्याच्या तोंडातून नाय काढून टाकलं आणि व्हय बसवलं. पुढं सगळे कागद झाले ते त्या व्हयच्या जोरावर. कालही तिनं त्याला रात्रभर घोकून घेतलं होतं, बाईंचं काम हाय म्हणून.

साहेबांनी दादाला विचारलं, तू बाई आहेस का. व्हय. मग मात्र ते थोडं हसले. जाताना मला म्हणाले, मारत नाही हे मला दिसतंय. "पण उद्या कुणी मारलं, तर हा माणूस सांगणार कसा? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला तुमच्या हवाली कसं करू?" नोंदणी त्यांनी अडवून ठेवली. काही महिन्यांनी पुन्हा येतो म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि ते बरोबर होते म्हणून जास्तच आला. रॅम्प फोडून बांधता येतो, माणूस कसा फोडून बांधायचा? पण मी हट्टाला पेटले. चहात मीठ घालून दिलं, हवा का म्हटलं. व्हय म्हणाला आणि प्याला. उन्हात बसतोस का? व्हय म्हणून जाऊन बसला, मलाच ओढून आणावं लागलं. कारल्याचा रस त्यानं आनंदानं संपवला. पालथ्या घड्यावर पाणी. मावशी बघायची आणि म्हणायची, बाई, नाय शिकल्यावर लोक पुन्यांदा हाकलून देतील त्याला. तिचंही काय चूक होतं?

दुसऱ्या तपासणीचा दिवस जवळ आला तशी मी साफसफाई काढली. मागच्या दाराशी वास नको म्हणून घोंगडी उचलायला वाकले, तर ती उचलेना. दुसरं टोक दादाच्या मुठीत होतं.

"नाय," तो म्हणाला.

मी मुद्दाम पुन्हा ओढली. त्यानं पुन्हा नाय म्हटलं, मोठ्यानं, आणि घोंगडी छातीशी धरली. मला रडू आलं, तिथंच त्याच्या पुढ्यात बसून रडले. मावशीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. त्यानंतर दादा जेव्हा तेव्हा नाय म्हणू लागला. चल म्हटलं, नाय. आंघोळ, नाय. आता साहेबांसमोर जेवायला देतात का याचंही उत्तर नाय आलं म्हणजे?

साहेब आले, त्याच स्टुलावर बसले. मारतात का? दादानं घोंगडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, नाय. कोंडतात का? नाय. जेवायला? दादानं आमच्याकडे वळून बघितलं. मावशीनं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"व्हय. भाकर."

काम झालं होतं. पण त्यांना आणखी एक विचारायचं होतं. इथं यायला आवडतं ना?

"नाय." दादा उठला, घोंगडीची घडी करून काखेत मारली. "मेंढ्यांकडं."

माझ्याशेजारी मावशीनं पदर तोंडाला लावला. कळप विकला त्या दिवशी तिनं त्याला सांगितलं होतं, मेंढ्या लांब चरायला गेल्यात, पाऊस झाला की येतील. तो व्हय म्हणाला होता. इतकी वर्षं मागच्या दाराशी बसून तो त्यांची वाट बघत होता, आणि आम्ही त्याला गुणी म्हणत होतो.

दादा आईसमोर येऊन उभा राहिला.

"येतील?"

मावशीनं साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"नाय रं लेकरा. इकल्या म्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग दाराशी जाऊन त्यानं घोंगडी पुन्हा अंथरली आणि बसला, पण या वेळी दाराकडे पाठ करून.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि नोंदणीच्या कागदावर सही केली.